पेट्रापोलला अडलेला कांदा

२९ सप्टेंबर २०१९, रविवार. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. आगाऊ सूचना नाही, मुदत नाही. अधिसूचना निघाली त्या क्षणापासून बंद. १३ सप्टेंबरलाच टनामागे ८५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही) लावून झालं होतं, आता दारच लावून घेतलं. सोबत साठ्याची मर्यादाही आली: किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५००. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे इथून भरलेले ट्रक तेव्हा बंगालच्या वाटेवर होते. जे पोचले ते बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या नाक्यांवर रांगेत उभे राहिले.

पाच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांच्या सभेत बोलत होत्या. बोलता बोलता त्या हिंदीवर आल्या. तुम्ही कांदा का बंद केलात ठाऊक नाही, पण मी आमच्या आचाऱ्याला सांगून टाकलंय की आता जेवणात कांदा घालू नकोस, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. सभागृहात हशा पिकला. त्याला जोडूनच त्यांनी एक विनंती केली होती: असं काही करणार असाल तर आधी कळवत जा. बातम्यांचा मथळा मात्र आचाऱ्यालाच मिळाला.

ती विनंती पुढे कुणी मनावर घेतली नाही. तिचं काय झालं, आणि त्यात नाशिकचं काय गेलं, हा या प्रकरणाचा विषय.

बंदी साऱ्या जगासाठी होती. दुबईच्या, मलेशियाच्या, श्रीलंकेच्या आयातदारांचाही माल अडला. त्यांनी चार शिव्या घातल्या असतील, मग इजिप्त, चीन, पाकिस्तान असे दुसरे दरवाजे ठोठावले आणि विषय संपला. ढाक्यात तो संपला नाही. तिथे कांद्याचा भाव नोव्हेंबरात किलोला २०० टाका (तिथलं चलन) ओलांडून गेला, सरकारने विमानाने कांदा मागवला, आणि भावाच्या चर्चेत पहिला प्रश्न असा होता की भारताने आपल्याशी असं का केलं. एकाच अधिसूचनेकडे एक गिऱ्हाईक व्यापारातली अडचण म्हणून बघतं आणि दुसरं अपमान म्हणून. हा फरक इतिहासातून आलेला आहे.

चाळीतला माल आणि दिल्लीची भीती

आधी नाशिकची बाजू. कांदा म्हणजे एकच पीक असं शहरातल्या माणसाला वाटतं. इथे तीन कांदे आहेत. खरिपाचा लाल, त्यामागून येणारा रांगडा, आणि मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ. पहिले दोन टिकत नाहीत, काढला की विकायचा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात आणि भाव बघत बघत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काढतात. त्यातही वजन घटतं, कोंब फुटतात, पावसाळी हवेत काजळी धरते. भरलेल्या मालातला तिसरा हिस्सा असाच जातो. म्हणून भाव पडला की 'थांबू या' म्हणण्याची सोय शेतकऱ्याकडे फार दिवस नसते.

२०१९ची बंदी आली तेव्हा चाळी तळाला लागल्या होत्या आणि लाल कांदा पावसाने खराब होत होता. ज्याच्याकडे शेवटचा चांगला माल शिल्लक होता त्याला वर्षात पहिल्यांदाच चार पैसे दिसत होते. बंदीच्या बातमीनंतर लिलावात काय होतं ते लासलगावला उभं राहून बघण्यासारखं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीशी थांबतो, कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, साल सोलतो, आणि पुकारा सुरू होतो. एरवी तो दहा-वीस रुपयांनी वर चढत जातो. त्या दिवशी पहिला आकडाच खालचा निघतो आणि पुढे कुणी बोलत नाही. शेतकऱ्याला पटलं नाही तर तो ट्रॉली तशीच घेऊन घरी जाऊ शकतो. डिझेल घालून आणलेला माल डिझेल घालून परत, म्हणून बहुतेक जण जात नाहीत.

दिल्लीचंही ऐकून घ्यायला हवं. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीतलं भाजपचं राज्य सरकार घालवलं, ही आठवण तिथल्या प्रत्येक पक्षात मुरलेली आहे. त्यात २०१९च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र आणि हरियाणा विधानसभांच्या निवडणुका होत्या. शहरी मतदाराच्या ताटातला कांदा सांभाळायचा तर निर्यात थांबवणं हा सर्वांत सोपा, एका सहीने होणारा उपाय. त्या सहीची किंमत निफाड-चांदवडचा शेतकरी भरतो, हे आपण वर्षानुवर्षं बोलत आलो आहोत. दुसरी किंमत ढाक्यात भरली जाते, तिची नोंद आपल्याकडे फारशी होत नाही.

१९७१ : नाशिकरोडहून दिसलेला

वर्गात हे प्रकरण घेतलं की निफाड, येवल्याकडची मुलं हमखास एक वाक्य टाकतात: "सर, आपण त्यांना देश मिळवून दिला, आणि ते आपल्याला कांद्यावरून बोलतात?" हे वाक्य टाळून पुढे जाता येत नाही, कारण प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचा अधिभार लागला. वेगळं तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रिफ्यूजी रिलीफ' असा ठसा मारला गेला, आणि त्यातला एक ठसा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधला. म्हणजे चांदवडहून पुण्याला पत्र टाकणाऱ्यानेही बांगलादेशसाठी पाच पैसे मोजले. १९७३च्या मार्चपर्यंत हे चाललं.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षीची. नवा देश उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. सुरुवातीला पाकिस्तानी नोटांवर शिक्के मारून भागवलं. ४ मार्च १९७२ला बांगलादेशच्या स्वतःच्या नोटा चलनात आल्या, देशाचा नकाशा असलेल्या. त्या छापल्या होत्या नाशिकरोडला. आपल्या प्रेसच्या वसाहतीत वाढलेल्या किती जणांना हे माहीत असेल, मला शंका आहे.

पण ही कथा इथे थांबवली तर ती फसवी होते. घाईत छापलेल्या त्या नोटांची नक्कल करणं सोपं होतं. बनावट नोटांचा सुळसुळाट झाला, भारताने जादा नोटा छापून दिल्या असा संशय पसरला, आणि मोठ्या नोटा लवकरच मागे घ्याव्या लागल्या. त्यांच्या जागी ब्रिटनमध्ये छापलेल्या आल्या. मदत खरी होती, तिच्यावरचा संशयही खरा होता, आणि दोघांमध्ये दोन वर्षांचंसुद्धा अंतर नव्हतं.

आपल्या पाठ्यपुस्तकात ते 'भारत-पाक युद्ध' आहे: तेरा दिवस, ९३,००० युद्धकैदी. त्यांच्याकडे तो नऊ महिन्यांचा मुक्तिसंग्राम आहे, ज्याच्या शेवटच्या टप्प्यात भारतीय सेना उतरली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि भारताचे जगजितसिंग अरोरा यांनी सह्या केल्या. मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेचे, सरसेनापती उस्मानी त्या समारंभात नव्हते, आणि ते का नव्हते यावर तिकडे आजही वाद घातला जातो. एकच दिवस दोन्ही देश 'विजय दिवस' म्हणून पाळतात आणि त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी आठवतात.

त्यानंतर जमाखर्च वाढतच गेला. १९७२चा पंचवीस वर्षांचा मैत्री करार. १९७५ला गंगेवरचं फराक्का धरण सुरू झालं आणि १९७६च्या मे महिन्यात तिथले नेते मौलाना भाशानींनी त्याविरुद्ध लाँग मार्च काढला. १९९६ला गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला. २०११ला तिस्ता नदीच्या पाण्याचा करार सहीच्या तोंडावर पश्चिम बंगालच्या विरोधामुळे बारगळला. २०१५ला मात्र एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ भूखंडांची अदलाबदल करून सीमेचा सगळ्यात किचकट तिढा शहाण्यासारखा सोडवला गेला.

आणि मराठी माणसाने जरा आणखी मागे जायला हरकत नाही. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वर्षामागून वर्ष चालून गेल्या. तिथल्या आया आजही बाळाला झोपवताना जे गाणं म्हणतात त्यात 'बर्गी' आले, आता सारा कुठून द्यायचा, अशी काळजी आहे. ते बर्गी म्हणजे आपण. त्या गाण्याच्या एका प्रचलित कडव्यात शेतकरी वसुलीवाल्याला म्हणतो की थोडे दिवस कळ काढ, लसूण लावलाय. चाळीकडे बोट दाखवून पीककर्जाच्या सोसायटीच्या वसुली अधिकाऱ्याला थोपवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे कडवं समजावून सांगावं लागणार नाही.

तर मुलांच्या त्या वाक्याला उत्तर असं. १९७१मुळे बांगलादेश आपला ऋणी आहे आणि म्हणून तो आपलं सहन करेल, असं आपण धरून चालतो. तिकडे त्याच १९७१मुळे भारताने आपल्याला इतरांसारखं वागवू नये, असं धरलं जातं. दुबईच्या व्यापाऱ्याने भारताकडून कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती, म्हणून तो दुखावला नाही. लग्नाचं आमंत्रण चुकलं तर परका विसरून जातो, चुलता दहा वर्षं धरून ठेवतो. हा तोच प्रकार.

दुसऱ्यांदा, तेही इलिशच्या दिवशी

२०१९-२०च्या हिवाळ्यात एक विनोद घडला, ज्यावर हसणं अवघड आहे. देशात भाव चढले म्हणून केंद्राने इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा आयात केला. त्याची चव लोकांना रुचली नाही, राज्यांनी तो उचलला नाही, बंदरात पडून राहिला. तेव्हा, जानेवारी २०२० मध्ये, हा परका कांदा बांगलादेशाला देऊ केल्याच्या बातम्या आल्या. ज्याला साडेतीन महिन्यांपूर्वी दारातून परत पाठवलं त्यालाच.

१५ मार्च २०२०पासून निर्यात खुली झाली. लगेच टाळेबंदी आली, सीमेवर ट्रक अडले, आणि यातून एक चांगली गोष्ट निघाली: मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातून कांद्याच्या मालगाड्या भरून गेदेमार्गे बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत गेल्या. फाळणीपूर्वी कलकत्त्याहून पूर्व बंगालात गाड्या जायच्या तो हा मार्ग. १९६५च्या युद्धात असे मार्ग तोडले गेले होते, ते पुढे एकेक करून जोडले गेले. रेल्वेने माल लवकर पोचतो, सडतो कमी, भाडंही परवडतं. इतिहासाचा असाही उपयोग असतो, रूळ शिल्लक असतात.

मग १४ सप्टेंबर २०२०. पुन्हा बंदी, पुन्हा तत्काळ. हा दिवस नीट बघण्यासारखा आहे. बांगलादेशाने २०१२पासून इलिश माशाची निर्यात बंद ठेवलेली आहे. तिस्तेचं पाणी मिळालं नाही म्हणून, असं तिकडे उघड बोललं जातं. पण दुर्गापूजेच्या आधी हसीना सरकार कोलकात्यासाठी खास परवानगी द्यायचं: २०१९ला ५०० टन, २०२०ला जवळजवळ तिप्पट. त्या वर्षीची इलिशची पहिली खेप पेट्रापोलला पोचली ती याच १४ सप्टेंबरला. एका बाजूने मासे आत येत होते आणि दुसऱ्या बाजूला आपले कांद्याचे ट्रक थांबवले जात होते. हे कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही, आणि दुखणं तेच आहे. दिल्लीत कांद्याचा निर्णय ग्राहक भावाचे तक्ते बघून होतो. त्या टेबलावर शेजारी देशाची फाईलच नसते.

यावेळी ढाक्याच्या परराष्ट्र खात्याने लेखी नाराजी कळवली. २०१९ आणि २०२० मध्ये याच विषयावर बोलणी झाली होती, आधी कळवायचं ठरलं होतं, त्याची आठवण दिली. वाटेत अडकलेला २५,००० टन माल सोडायला दिल्लीने परवानगी दिली. तोवर ताडपत्रीखाली कित्येक दिवस उभा राहिलेला कांदा पाणी सोडायला लागला होता. एलसी (पैशांसाठी बँकेचं हमीपत्र) उघडलेली, माल भरलेला, आणि सीमेच्या अलीकडे वास. असल्या मालाचे पैसे कुणी कुणाला द्यायचे, यावरून दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांची आपसात कायमची तुटली.

कागदावर असलेलं आणि नसलेलं

डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाचे वाणिज्यमंत्री दिल्लीत आले आणि त्यांनी जी मागणी ठेवली ती मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा वर्षाचा कोटा ठरवून द्या. भारताने निर्यात बंद केली तरी तेवढा माल आम्हाला मिळेल अशी लेखी हमी द्या. मैत्रीच्या गप्पा नकोत, आकडा लिहून द्या, असा त्याचा सरळ अर्थ.

असा कोटा देणं भारताला नवीन नाही. मालदीवशी १९८१चा व्यापार करार आहे. त्यानुसार बंदी असो-नसो, दरवर्षी ठरलेला माल जातो. २०२४ मध्ये तिथे 'इंडिया आउट' म्हणत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते, दोन्हीकडे समाजमाध्यमांवर शिवीगाळ चालली होती, कांद्यावर निर्यातबंदी होती. तरी त्या वर्षासाठी मालदीवला ३५,७४९ टन कांदा मंजूर झाला. मालदीवसाठी आपण कधी युद्ध लढलो नाही, त्यांच्या नोटा छापल्या नाहीत. करार होता, एवढंच.

बांगलादेशाचा कोटा मात्र चर्चेतच राहिला. ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यात शुल्क आलं. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. या वेळी चाळीचा प्रश्नच नव्हता, कारण बाजारात लाल कांदा होता, ठेवताच न येणारा. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग रोखला गेला, शरद पवार त्या आंदोलनात येऊन बसले. तिकडे ढाक्यात दोन दिवसांत भाव जवळपास दुप्पट. त्यात जानेवारी २०२४ची तिथली निवडणूक, आणि तिच्यापाठोपाठ भारतीय मालावर बहिष्काराची मोहीम. मार्चमध्ये रमजानच्या तोंडावर दिल्लीने ५०,००० टन कांदा सरकारी सहकारी कंपनीमार्फत बांगलादेशाला द्यायचं ठरवलं. इफ्तारीला कांद्याची भजी तिथे लागतातच, तेव्हा वेळ बरोबर साधली होती. पण हा कांदा मेहरबानी म्हणून गेला, हक्क म्हणून नाही. नाशिकच्या शेतकऱ्यालाही त्यात काही मिळालं नाही, कारण खरेदी कंपनी ठरवेल त्या भावाने. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला वेगळी सवलत दिली गेली तेव्हा इथला संताप उघड झाला. मे महिन्यात बंदी उठली, पण दिंडोरीची लोकसभेची जागा त्या वेळी केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या.

५ ऑगस्ट २०२४ला शेख हसीनांना देश सोडावा लागला आणि त्या भारतात आल्या. १९७५ला वडिलांची, शेख मुजीबुर रहमान यांची, हत्या झाल्यावर त्या सहा वर्षं दिल्लीतच होत्या, म्हणून हा आसरा दिल्लीला स्वाभाविक वाटला. ढाक्याच्या रस्त्यावरच्या तरुणाला तो तसा वाटला नाही. इथे आपल्या धोरणातली जुनी उणीव दिसते: १९७१ची सगळी ठेव आपण एकाच घराण्याच्या, एकाच पक्षाच्या खात्यात ठेवली होती. ते खातं गोठलं तेव्हा हातात कोटा नव्हता, करार नव्हता. नोव्हेंबरात कराचीहून थेट चितगावला मालवाहू जहाज लागलं, त्यात कांदाही होता. २०२५च्या सुरुवातीला पाकिस्तानकडून ५०,००० टन तांदळाचा सरकारी सौदा झाला, १९७१नंतरचा पहिला.

दुसरा बदल अधिक शांतपणे झाला. दोनदा-तीनदा पोळलेल्या बांगलादेशाने स्वतःचा कांदा वाढवला, आणि २०२५ मध्ये आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आयातीचे परवाने बराच काळ रोखून धरले. नेमकं जे लासलगावच्या शेतकऱ्याने आपल्या सरकारकडे मागितलं होतं, ते तिथल्या शेतकऱ्याला मिळालं.

आपली कांदा निर्यात २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन होती आणि बांगलादेश सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. २०२३-२४ला ती १७ लाखांवर आली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी घसरली. १ एप्रिल २०२५पासून भारताने निर्यात शुल्क पूर्ण काढून टाकलं. आता इकडून कसलीही आडकाठी नाही, आणि पिंपळगावच्या खळ्यावर व्यापारी सकाळी एकमेकांना विचारतात की ढाक्याची आयपी सुटली का. आयपी म्हणजे त्यांचा आयात परवाना. सुटली तर लिलावात क्विंटलमागे भाव हलतो, नाही सुटली तर हलत नाही. गंगेच्या पाण्याच्या तीस वर्षांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. त्याच्या बोलण्यांना दोन्ही शिष्टमंडळं बसतील तेव्हा कांद्याच्या कोट्याचा जुना कागद भारतानेच आपल्या बाजूने पुढे सरकवावा, असं माझं मत आहे. आता त्याची गरज त्यांच्यापेक्षा निफाड तालुक्याला जास्त आहे.